पहिल्या रांगेतला माणूस

माझा लेक व्हिडिओतून किती कमावतो, हे मला सगळ्यात आधी विचारलं सलूनवाल्यानं. त्याचं सलून आणि लेकाचा गाळा यांच्यामध्ये एकच भिंत. मी आपली समोरून चालले होते, तर हा एका गिऱ्हाइकाच्या गालाला फेस फासून, वस्तरा तसाच हातात धरून बाहेर आला.

"आजी, खरं सांगा. महिन्याला किती पडतात?"

आता असं कुणी विचारल्यावर खरं सांगायला मी काय वेडी आहे? म्हटलं, "पडतात कुठले, ओततात बाबा. बँकेतला माणूस घरी येतो मोजायला. परवा मोजता मोजता त्याच्या अंगठ्याला फोड आला. मीच मलम लावून दिलं."

"थापा!"

"थापा तर थापा. मग विचारलंस कशाला?"

तो हसला, पण आत काही लगेच गेला नाही. तिकडे गिऱ्हाइकाच्या गालावरचा फेस वाळून गेला.

खरं काय ते तुम्हाला सांगते. तुम्ही काही आमच्या गल्लीतले नाही.

माझा लेक जुन्या खुर्च्या-सोफे नव्यानं भरतो. खिळे उपटायचे, कुजकं गोणपाट काढायचं, स्प्रिंगा सुतळीनं आवळून बांधायच्या, वर काथ्या, वर कापूस, वर कापड. हल्ली सगळे फोमचा तुकडा कापून चिकटवतात आणि हात झटकतात. हा तसं करत नाही. तोंडात वीस-पंचवीस बारीक खिळे धरतो, जिभेनं एकेक ओठांशी आणतो आणि हातोडीच्या लोहचुंबकानं उचलून ठोकतो. तो लहान होता तेव्हा मला वाटायचं हा बोलत का नाही. आता वाटतं बरंय, बोलला असता तर एखादा गिळला असता.

तर एका मित्रानं त्याला सांगितलं, तुझं काम फोनवर टाक, लोक बघतात असलं. यानं टाकलं. पहिले काही व्हिडिओ मी, सून आणि सुनेचा भाऊ, एवढ्यांनीच बघितले. मग एका सोफ्याच्या आतून कवळी निघाली. खरीखुरी, वरच्या बाजूची, दातात बडीशेप अडकलेली. यानं ती कॅमेऱ्यासमोर धरली आणि तोंडात खिळे असल्यामुळे काही न बोलता नुसता बघत राहिला. तो व्हिडिओ लाखो लोकांनी बघितला. लाखो! ही थाप नाही. मी गल्लीत सांगताना एवढीच भर घातली की ती कवळी त्याला चावली.

त्या लाखोंचे किती मिळाले माहीत आहे? शून्य. कारण कंपनीचा नियम असा की आधी अमुक इतकी माणसं तुमची कायमची झाली पाहिजेत, अमुक इतके तास तुम्हाला बघितलं गेलं पाहिजे, मग त्या जाहिराती लावणार आणि मग पैसे. कवळी निघाली तेव्हा आमची ती परीक्षाच झालेली नव्हती. झाली तोवर कवळीवाले लोक निघून गेले होते. त्यांना दात हवे होते. पुढच्या सोफ्यातून नुसती धूळ निघाली.

पण लेकाच्या डोक्यात ते लाख बसले ते बसलेच. गिऱ्हाइकांची कामं त्यानं हळूहळू बंद केली. "कॅमेऱ्यात चांगलं दिसत नाही," म्हणायचा रेक्झिनच्या सोफ्याला. भंगारवाल्याकडून मोडक्या पायांच्या खुर्च्या स्वतःच विकत आणायला लागला. दिवे आणले, स्टँड आणला, कॉलरला लावायचा माइक आणला. एका खुर्चीला तीन-तीन आठवडे. पुन्हा ते सगळं कापायचं, जोडायचं, नाव द्यायचं.

"आणि मिळतं किती रे?" एकदा मीच विचारलं. थाप मारायला निदान खरा आकडा माहीत असलेला बरा.

तो म्हणाला, "आई, हजार माणसांनी बघितलं तर एक कप चहा."

"भरलेला?"

"अर्धा."

"आणि गेल्या महिन्यात?"

"एक किलो साखर आणि अंगाचा साबण. पण तेही हातात नाही येत. ठरावीक रक्कम साठल्याशिवाय कंपनी पाठवतच नाही. साठतंय."

घर चालवायची सून. ती दवाखान्यात केसपेपरच्या खिडकीवर बसते. दिवसभर "पुढचा" एवढा एकच शब्द बोलून येते, त्यामुळे घरी फार बोलत नाही. गाळ्याचं भाडंही तीच भरत होती. एक दिवस गाळ्याचा मालक आला. करार संपत आला होता, नव्या कराराला भाडं वाढवून हवं होतं.

"वाढवलं तर तुम्हाला काय जड आहे?" मालक म्हणाला. "आजी तर सांगतात, मोजायला माणूस ठेवलाय."

लेकानं माझ्याकडे बघितलं. मी पंख्याकडे बघितलं.

मालक गेल्यावर सून चपला काढता काढताच बोलली. "अहो, एक सांगते. वर्षभर मी भाडं भरलं, भरलं ना? करार संपायला तीन महिने आहेत. तेवढ्यात कंपनीचे पहिले पैसे हातात आले, कितीही असोत, तर वाढीव भाडंसुद्धा मी भरेन आणि पुढचं वर्षभर एक शब्द काढणार नाही. नाही आले तर गाळा सोडायचा आणि दादाच्या कारखान्यात जायचं."

दादा म्हणजे तिचा भाऊ. त्याचा गाद्यांचा कारखाना. तिथे मशीन फोम कापतं, माणूस फक्त उचलून ठेवतो.

"कितीही म्हणजे साखर-साबणाएवढे आले तरी?" लेकानं विचारलं.

"हो. आले असं मला म्हणता आलं पाहिजे."

मला सून आवडते ती यासाठी.

आता आमच्या ह्यांच्याबद्दल सांगते. हे थेटरात ऑपरेटर होते. सगळी उमर त्या मागच्या गरम खोलीत रिळं चढवण्यात गेली, सिनेमा बघितला तो भिंतीच्या भोकातून. थेटर पाडून तिथे दुकानं झाली तरी गल्ली त्यांना ऑपरेटरच म्हणते. मीही रागावले की म्हणते. लेकाच्या व्हिडिओंना ते पहिल्यापासून नाक मुरडत. "माणूस खिळा उपटतोय हे बघायला तिकीट कोण काढणार?" असं त्याच्या तोंडावर म्हणायचे. लेक गप्प. तोंडात खिळे नसतानाही गप्प.

पण त्या तीन महिन्यांत नशीब फिरलं म्हणा ना. लेकाला एक माणूस भेटला. भेटला म्हणजे, व्हिडिओखाली लिहायचा. नाव लावलं होतं 'पहिली रांग'. प्रत्येक व्हिडिओ शेवटपर्यंत बघायचा आणि खाली लिहायचा: 'दिवा थोडा डावीकडे घ्या, हाताची सावली कामावर पडते.' 'हातोडीचा आवाज चांगला, माणसाचा कमी.' 'मधे फोकस हलला.' लेक त्याचं सगळं ऐकायचा. दिवा डावीकडे घेतला तर खरंच काम उठून दिसायला लागलं. दर दोन दिवसांनी जेवताना सांगायचा, "पहिली रांगवाले म्हणाले, शेवटी खुर्चीवर कुणाला तरी बसवून दाखवा. बरोबर आहे. रिकामी खुर्ची कशी संपवणार?"

मग मला बसवलं. मी बसले आणि अशी बसले की जशी काही गादी कुणी माझ्याखालून ओढून नेणार आहे. पहिली रांगवाल्यानं लिहिलं, 'बाई सैल बसल्या असत्या तर बरं झालं असतं.' मला असा राग आला! सलूनवाल्याला मात्र मी सांगितलं की परदेशातला मोठा सिनेमावाला आमच्या घरावर लक्ष ठेवून आहे.

आणि आकडे वाढायला लागले. लाखो नव्हे, पण वाढायला लागले. लेक रोज फोन माझ्यापुढे धरायचा. एक पट्टी होती, ती भरली की पैसे सुटणार. पट्टी अर्धी भरली, पाऊण भरली. लेक शीळ घालायला लागला. करार संपायला वीस-एक दिवस असताना पट्टी भरली! सून खिडकीवरून आली, तर यानं फोन तिच्या डोळ्यांपुढे धरला. तिनं चष्मा लावून नीट बघितलं आणि म्हणाली, "पुढच्या महिन्याच्या सुरुवातीला येतील?" "येतील." "बरं." आणि मग आत जाऊन तिनं साडी न बदलता तशीच पलंगावर बसून घेतलं. मी बघितलं, ती रडत होती. तिला भाऊ आवडतो, पण त्याचा कारखाना आवडत नाही.

पैसे यायच्या आधी कंपनीचं पत्र आलं. फोनवरच. आम्ही सगळे जेवत होतो. लेकानं वाचलं, पुन्हा वाचलं, मग मोठ्यानं वाचलं. ते असं होतं की तुमचे व्हिडिओ एकाच ठिकाणाहून, मोजक्याच फोनवरून, पुन्हा पुन्हा लावले गेलेत आणि त्यातल्या जाहिराती मुद्दाम बोटानं दाबून उघडल्या गेल्यात. हे प्रेक्षक खरे नव्हेत. सबब तुमचे साठलेले पैसे जाहिरातवाल्यांना परत केले आहेत आणि यापुढे तुमच्या व्हिडिओंवर जाहिराती लागणार नाहीत.

"म्हणजे काय?" सून म्हणाली.

"म्हणजे कुणीतरी लबाडी केली. माझ्या नावावर."

"दाद मागता येत नाही?"

"येते. मागतो."

मी लेकाकडे बघत नव्हते. मी ह्यांच्याकडे बघत होते. ह्यांच्या हातातला घास ताटापासून वर उठला होता आणि तोंडापर्यंत पोचला नव्हता.

जेवण झाल्यावर हे मागच्या खोलीत गेले. ती त्यांची खोली. दुपारभर दार लावून आत रेडिओ ऐकतात, असं मी समजत होते. मी मागोमाग शिरले. टेबलावर त्यांनी जुनी लाकडी पेटी आडवी ठेवली होती, रिळांची. तिचं झाकण उघडलं तर आत सहा फोन ओळीनं उभे. भंगार बाजारातले, एकाचीही काच धड नाही. सहाही फोनवर माझ्या लेकाचे हात.

"अहो, हे काय?"

"हळू बोल."

"हे तुम्ही?"

ते खाली बसले. "थेटरात नवा सिनेमा लागला की पहिल्या खेळाला शेठ सांगायचे, ऑपरेटर, बाहेरून पन्नास माणसं बोलव, फुकट बसव. रिकामं थेटर बघून माणूस दारातूनच परत जातो. गर्दी दिसली की गर्दी येते. आम्ही तसंच करायचो. सगळेच करायचे."

"आणि जाहिराती?"

"त्यानंच तर सांगितलं होतं, जाहिरातीचेच पैसे मिळतात. म्हटलं, मग सगळ्या दाबायच्या. एकही सोडायची नाही. साबण, विमा, टायर... मी टायरसुद्धा दाबले गं."

"आणि ती 'पहिली रांग'? माझं बसणं काढलंत ते?"

"तू खरंच ताठ बसली होतीस."

दुसरी वेळ असती तर मी हसून हसून भिंतीला टेकले असते. म्हातारा माणूस, तोंडावर नाक मुरडणार आणि दार लावून सहा सहा फोनवर पोराला बघणार. ते म्हणाले, "सांगू का त्याला?"

"काय सांगणार? पैसे गेले ते तुमच्यामुळे, हे?"

"हो."

"आणि बघणारे होते ते तुम्हीच, हे?"

त्यांनी फोन एकेक करून पालथे घातले.

मग मी मला जे येतं ते केलं. लेकाला म्हटलं, "अरे, पलीकडच्या बाजारातला तो सोफेवाला आहे ना, टकल्या, त्याचंच काम हे. मला सलूनवाल्यानं सांगितलं. त्यानं दहा पोरं बसवली होती पगारावर, तुझ्या जाहिराती दाबायला. तुझ्यावर जळतो."

लेक दमल्यासारखा हसला. "आई, माझ्यावर कोण जळणार? जळायला आधी कुणीतरी बघावं लागतं."

दाद मागितली, उत्तर दुसऱ्याच दिवशी आलं. दोन ओळींचं. नाही. कोणत्या माणसानं वाचलं, वाचलं की नाही, कुणाला विचारणार? त्या कंपनीला खिडकीसुद्धा नाही, निदान "पुढचा" म्हणायला.

करार संपला तसा गाळा रिकामा केला. सुनेनं त्याला एका शब्दानं टोचलं नाही. तिनं रजा घेतली आणि खिळे मापाप्रमाणे डब्यांत भरले. दिवे आणि स्टँड विकायला काढले, तर कुणी घेईना. असे दिवे विकायला काढलेले लोक खूप आहेत म्हणे. एक अर्धी बांधलेली खुर्ची होती, स्प्रिंगा उघड्या. ती भंगारवाल्यानं परत नेली, आणली होती त्याहून कमी भावात.

जायच्या आधी लेकानं शेवटचा व्हिडिओ केला. गाळ्याच्या मधोमध उभा राहिला आणि म्हणाला, "मी आता थांबतोय. पहिली रांग नावाचे एक गृहस्थ आहेत, त्यांनी माझं प्रत्येक काम शेवटपर्यंत बघितलं. मला ते कोण माहीत नाहीत. पण गेले काही महिने मी त्यांच्यासाठीच करत होतो. नमस्कार." ह्यांनी तो मागच्या खोलीत बघितला. खाली काही लिहिलं नाही. मी म्हटलं, लिहा काहीतरी. म्हणाले, "हात चालत नाही."

कारखान्यातल्या पहिल्या पाळीच्या दिवशी लेक गेल्यावर मी औषधं आणायला बाहेर पडले. सलूनवाल्यानं हाक मारली. आज वस्तरा नव्हता हातात. हातात तोच दिवा होता, लेकाकडे होता तसला गोल, पण नवाकोरा, अजून प्लॅस्टिकमध्ये.

"आजी, बघा! मीही घेतला. स्टँड, माइक, सगळं. बायकोची अंगठी मोडली, पण भरून निघेल. तुमचा मोठ्या जागेत गेला ना? मला चार गोष्टी सांगायला सांगा त्याला."

मी त्याचा हात धरला. "ऐक. नीट ऐक. तो गाद्यांच्या कारखान्यात लागलाय. फोम उचलतो. व्हिडिओतून त्याला दोन वर्षांत काही म्हणजे काही मिळालं नाही. साठले होते ते पण कंपनीनं परत घेतले. हजार माणसांना अर्धा कप चहा, हा भाव आहे. हे परत करून ये आत्ताच्या आत्ता."

तो माझ्याकडे बघत राहिला आणि खो खो हसला. "वा आजी! आता नजर लागू नये म्हणून लपवताय होय?"

"अरे, मी खोटं नाही बोलत."

"तुम्ही?" तो म्हणाला आणि दुकानात गेला. आतून प्लॅस्टिक फाडल्याचा आवाज आला.

संध्याकाळी लेक घरी आला. डोक्यावर, भुवयांवर फोमचे पांढरे कण. सगळे जेवायला बसलो. लेकाला धड जेवताही येईना, बोटं सुजली होती. थोड्या वेळानं म्हणाला, "पहिली रांगवाल्यांनी निरोपाच्या व्हिडिओला काही लिहिलं नाही. आजारी तर नसतील?"

मी सुरुवात करणारच होते, परदेशातल्या सिनेमावाल्याची. तेवढ्यात हे उठले. टेबलावरचा दिवा त्यांनी उचलला आणि बाजूला सरकवला. "सावली पडतेय तुझ्या हाताची," म्हणाले. "थोडा डावीकडे घेतला की झालं." सवयीनं म्हणाले. म्हणून झाल्यावर त्यांचं त्यांनाच कळलं आणि हात दिव्यावर तसाच राहिला.

लेकानं वर बघितलं. कितीतरी वेळ त्या हाताकडे बघत होता.

"सगळे बघितलेत, बाबा?"

"सगळे."

"तो लांबलचक दिवाण? ज्यात काहीच निघालं नव्हतं?"

"तो दोनदा."

"आणि जाहिराती?"

ह्यांनी मान खाली घातली. लेक ओरडेल असं मला वाटलं. ओरडला असता तर बरं झालं असतं. त्यानं पाण्याचा पेला उचलला, थोडं प्यायला, खाली ठेवला.

"म्हणजे बाहेरचं कुणीच नव्हतं," तो म्हणाला.

मला तोंडात तयार असलेल्या दहा गोष्टी आठवल्या. टकल्या सोफेवाला, बँकेतला माणूस, परदेशी गृहस्थ. एकही उपयोगाची नव्हती. ह्यांनी दिवा होता तिथे परत सरकवला. सुनेनं हात पुढे करून नवऱ्याच्या भुवईवरचा फोमचा कण चिमटीत धरला, काढला आणि टाकायला जागा न सुचून तसाच बोटांत धरून बसली.

"सकाळी सहाची पाळी आहे," लेक म्हणाला. "आई, डबा लवकर लागेल."